चाळीस फंक्शनं, काम एकच

वेबसाइटच्या स्वयंचलित टेस्ट लिहिणाऱ्या कोकणातल्या वाचकांकडून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: हेल्पर फंक्शनं (टेस्टमधली नेहमीची कामं करणारी छोटी फंक्शनं) फार झाली, सगळी एकसारखी दिसतात आणि एका ठिकाणी हात लावला की चार ठिकाणी दुखतं. त्यातले सात प्रश्न घेतले आहेत. छापायच्या सोयीसाठी फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत. पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट या दोन्हींत अशी नावं खरोखर चालतात. त्यातली एक अडचण सहाव्या उत्तरात येईल.

प्रश्न १ : आंब्याच्या पेट्या विकणाऱ्या एका वेबसाइटच्या टेस्ट मी पायथन आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) वापरून लिहिते. हेल्परांची फाइल नऊशे ओळींवर गेली आहे. नाव_भरा, मोबाइल_भरा, पिनकोड_भरा, गाव_भरा, कार्टमध्ये_टाका अशी चाळीसेक फंक्शनं आहेत. प्रत्येकात त्याच पाच ओळी: शोधा, दिसेपर्यंत थांबा, आधीचं पुसा, टाइप करा, लॉग लिहा. फॉर्ममधल्या आयडी बदलल्या तेव्हा चौदा फंक्शनं दुरुस्त करावी लागली. हे आवरायचं कसं? (देवगड)

उत्तर : दहा-बारा फंक्शनं शेजारी शेजारी उघडा आणि जे वेगळं आहे तेवढ्यावरच खूण करा. तुमच्या वर्णनावरून खुणा दोनच जागी पडतील: कुठलं फील्ड आणि कुठलं मूल्य. म्हणजे ही चाळीस फंक्शनं नाहीतच. हे एक फंक्शन आहे आणि एक यादी आहे, आणि ती यादी फंक्शनांच्या नावांत जाऊन बसली आहे. तिला तिथून उठवून आर्ग्युमेंटमध्ये आणायचं: फील्ड_भरा("पिनकोड", "४१५६१२").

पहिलं आर्ग्युमेंट आयडी नसावं, गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसणारं लेबल असावं. आयडी डेव्हलपरच्या सोयीने बदलते, लेबल सहसा बदलत नाही, आणि बदललंच तर टेस्टला ते कळलेलं बरं. प्लेराइट या सेलेनियमसारख्याच दुसऱ्या साधनात लेबलवरून फील्ड शोधायची सोय तयारच आहे. सेलेनियममध्ये हे काम दोन टप्प्यांत होतं: त्या मजकुराचं लेबल शोधायचं, त्याच्या 'फॉर' अॅट्रिब्यूटमधली आयडी घ्यायची आणि त्या आयडीचं इनपुट उचलायचं. एक्सपाथमध्ये (पानातलं एलिमेंट शोधायची भाषा) मजकूर जुळवताना नॉर्मलाइज-स्पेस वापरा, नाहीतर एचटीएमएलमधल्या नवीन ओळी आणि जादा स्पेस आडव्या येतात. 'फॉर' लिहिलेलंच नसेल, तर इनपुट लेबलच्या पोटात आहे का ते पाहा. तेही नसेल तर तो बग म्हणून नोंदवा. जे लेबल तुमच्या टेस्टला सापडत नाही, ते दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरलाही बहुधा सापडत नाही.

इथे एक खड्डा आहे. प्लेराइट लेबलचा मजकूर मुळात अर्धवट जुळला तरी मान्य करतो. "नाव" शोधलंत की "गावाचे नाव" हेही सापडतं, आणि एकाहून जास्त फील्ड सापडली म्हणून टेस्ट थांबते. तिथे 'एक्झॅक्ट' पर्याय खरा करा. सेलेनियमचा फाइंड_एलिमेंट तेवढाही आवाज करत नाही. तो सापडलेलं पहिलं फील्ड मुकाट्याने देतो आणि गिऱ्हाइकाचं नाव गावाच्या रकान्यात जाऊन बसतं. याउलट अनिवार्य फील्डच्या लेबलात तारांकन असेल ("पिनकोड *"), तर तंतोतंत जुळवणी फसते. तारांकनाची सोय हेल्परमध्ये एकदाच करून ठेवा.

सगळंच एका फंक्शनात कोंबू नका. टाइप करायचं फील्ड, निवडयादी आणि चेकबॉक्स यांची वागणूक वेगळी आहे. म्हणून फील्ड_भरा, यादीतून_निवडा आणि खूण_करा अशी तीन फंक्शनं ठेवा. सेलेनियमचा सिलेक्ट क्लास खऱ्या 'सिलेक्ट' टॅगवरच चालतो. हल्लीच्या बऱ्याच साइटवर निवडयादी 'डिव्ह'ची बनवलेली असते आणि तिथे तो चुकीच्या टॅगची तक्रार करून बंद पडतो. चेकबॉक्सवर नुसतं क्लिक करणारा हेल्पर तर आणखी फसवा: खूण आधीच असेल तर तो ती काढून टाकतो. खूण_करा या फंक्शनाने आधी स्थिती पाहावी आणि गरज असेल तरच क्लिक करावं.

तुमच्या पाच ओळींपैकी "आधीचं पुसा" ही ओळ कुठल्याही भरवशावर काढू नका. सेंड_कीज आधीच्या मजकुरापुढेच टाइप करतं. पिनकोडच्या फील्डला सहा अक्षरांची मर्यादा असेल तर प्रकार आणखी वाईट होतो: जुना पिनकोड तसाच राहतो, नवीन सहा आकडे ब्राउझर आत घेतच नाही, आणि टेस्ट जुन्याच पिनकोडवर पास होते. रिअॅक्टमध्ये बांधलेल्या काही फॉर्मांत 'क्लिअर'ने पुसलेलं मूल्य परत उगवतं. तिथे कंट्रोल-ए दाबून सगळं निवडायचं आणि वरून टाइप करायचं. भरून झाल्यावर फील्डचं मूल्य परत वाचून पाहणारी एक ओळ हेल्परच्या शेवटी टाकलीत, तर हे दोन्ही घोळ जागच्या जागी पकडले जातात.

कार्टमध्ये_टाका मात्र या झाडलोटीत घालवू नका. वरवर ते "बटण शोधा आणि दाबा" एवढंच आहे, पण त्याचं खरं काम बटण दाबल्यानंतरचं आहे: कार्टवरचा आकडा एकाने वाढेपर्यंत थांबणं. कृती कुठे संपते हे ज्या हेल्परला ठाऊक आहे, तो ओळी किती वाचवतो याचा हिशेब करायचं कारण नाही.

फंक्शनं एक केल्यावर नवीन दुखणंही येतं. टेस्ट फेल झाली की ट्रेसबॅक दर वेळी फील्ड_भरा मधल्या त्याच ओळीकडे बोट दाखवतो, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याला दोन उपाय. एक, एररच्या मजकुरात लेबल घाला: "'पिनकोड' लेबलचं फील्ड १० सेकंदांत दिसलं नाही". दुसरा, पायटेस्ट वापरत असाल तर हेल्परच्या आत ट्रेसबॅकहाइड हे व्हेरिएबल (आगेमागे दोन-दोन अंडरस्कोर लावून) ट्रू ठेवा. मग पायटेस्ट हेल्परची ओळ गाळतो आणि टेस्टमधली ओळ दाखवतो. प्लेराइटच्या टेस्ट रनरमध्ये हेच काम स्टेपचा 'बॉक्स' पर्याय करतो.

राहिला डेटा. पत्ता भरायला आठ ओळी लागत असतील तर पत्ता_भरा(ग्राहक) असं एक फंक्शन करा. ते लेबल-मूल्यांच्या डिक्शनरीवर फिरून फील्ड_भराला बोलावेल. आणि ग्राहक() हे दुसरं फंक्शन पूर्ण, वैध पत्ता परत देईल, हवं ते फील्ड बदलायची मुभा ठेवून. चुकीच्या पिनकोडच्या टेस्टमध्ये मग एवढंच दिसेल: ग्राहक(पिनकोड="४१५"). बाकीची सात फील्डं त्या टेस्टच्या मुद्द्याची नाहीत, मग ती डोळ्यांसमोर कशाला?

प्रश्न २ : आमच्या प्रत्येक हेल्परच्या सुरुवातीला पाच सेकंदांचा स्लीप आहे. पावसाळ्यात नेट रडतखडत चालतं म्हणून तो दहा केला. आता पूर्ण रनला दोन तास लागतात, तरी दोन-तीन टेस्ट फेल होतातच. (दापोली)

उत्तर : दोन तास कुठून आले ते आधी मोजा. साठ टेस्ट, दर टेस्टमध्ये साधारण बारा हेल्पर आणि दर हेल्परला दहा सेकंद असतील, तर सात हजार दोनशे सेकंद निव्वळ झोपेतच गेले. स्लीपला पान आलं की नाही ते कळत नाही. पान अर्ध्या सेकंदात आलं तरी तो दहा सेकंद बसतो, अकराव्या सेकंदाला आलं तर टेस्ट पाडतो.

सेलेनियममध्ये वेबड्रायव्हरवेट वापरा. तो पायथनमध्ये मुळात दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतो आणि अट पुरी झाली की लगेच पुढे जातो. कमाल मुदत वीस सेकंद ठेवली तरी पास होणारी टेस्ट त्यामुळे मंदावत नाही. वीस सेकंदांची किंमत पडणाऱ्या टेस्टलाच मोजावी लागते. ही मुदत एकाच जागी लिहा आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचा, म्हणजे पावसाळ्यात कोड न बदलता वाढवता येईल.

मात्र कुठल्या अटीवर थांबायचं, यात बहुतेकांची चूक होते. 'प्रेझेन्स' म्हणजे एलिमेंट पानाच्या रचनेत आहे, एवढंच. ते लपलेलंही असू शकतं. 'व्हिजिबिलिटी' म्हणजे ते दिसतंय. 'क्लिकेबल' ही अट ऐकायला मोठी, पण ती एलिमेंट दिसतंय आणि चालू आहे एवढंच पाहते. त्याच्यावर लोडिंगचं चक्र आडवं आलंय का, हे ती पाहत नाही. संथ नेटवर हे चक्र जास्त वेळ रेंगाळतं आणि "क्लिक मध्येच अडवला गेला" अशी एरर येते. तुमच्या उरलेल्या दोन-तीन टेस्ट बहुधा याच कारणाने पडत असाव्यात. बटण दाबणाऱ्या हेल्परमध्ये चक्र नाहीसं होण्याची वाट आधी पाहा, मग क्लिक करा.

इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागणारी मुदत) आणि एक्स्प्लिसिट वेट (वेबड्रायव्हरवेटसारखं अटीवर थांबणं) एकत्र वापरू नका. सेलेनियमच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत ही ताकीद आहे: इम्प्लिसिट १० आणि एक्स्प्लिसिट १५ ठेवलं तर टाइमआउट २० सेकंदांनीही होऊ शकतो. इम्प्लिसिट मुळात शून्य असतो, तो शून्यच राहू द्या.

आणखी एक सवय मोडावी लागेल. हेल्परने एलिमेंट शोधून परत द्यायचं आणि टेस्टने ते पाच ओळींनंतर वापरायचं, हे नको. मधल्या वेळात पान पुन्हा रंगवलं गेलं की तो संदर्भ शिळा होतो आणि 'स्टेल एलिमेंट'ची एरर येते. हेल्परांमध्ये लोकेटर (एलिमेंट कसं शोधायचं याचं वर्णन) फिरवा, एलिमेंट ऐन वापराच्या क्षणी शोधा.

पुढेमागे प्लेराइट किंवा सायप्रेसकडे वळलात तर हे थांबण्याचे हेल्पर सोबत नेऊ नका. प्लेराइट क्लिकपूर्वी एलिमेंट दिसतंय, स्थिर आहे, चालू आहे आणि क्लिक त्यालाच पोचतोय हे स्वतः पाहतो. त्याची 'एक्स्पेक्ट' विधानं मुळात ५ सेकंद वाट पाहतात, सायप्रेसच्या कमांड ४ सेकंद. प्लेराइटचं 'इज-व्हिजिबल' मात्र त्याला अपवाद आहे: ते न थांबता त्या क्षणाचं उत्तर देतं. ते 'इफ'मध्ये घालून लिहिलेले हेल्पर कधी पास, कधी फेल होत राहतात.

प्रश्न ३ : उलटी तक्रार. आमच्याकडे होमस्टे बुकिंगच्या टेस्टसाठी एकच हेल्पर आहे, बुकिंग_करा. त्याला अकरा आर्ग्युमेंट आहेत, त्यांतली सात खरं-खोटं प्रकारची. कोणी हात लावायला धजत नाही. (मालवण)

उत्तर : ही पहिल्या प्रश्नाचीच पुढची पायरी आहे. सारख्या दिसणाऱ्या ओळी एकत्र केल्या, मग एका टेस्टला थोडं वेगळं हवं होतं म्हणून एक फ्लॅग (खरं-खोटं आर्ग्युमेंट) आला, दुसरीसाठी दुसरा. सात फ्लॅगांचे १२८ मार्ग होतात. तुमच्या टेस्ट त्यांतले फार तर आठ-दहा वापरत असतील, पण वाचणाऱ्याला कुठले ते कळत नाही. बुकिंग_करा("एसी", २, खरं, खोटं, खोटं, काहीनाही, खरं) ही ओळ वाचून नाश्ता धरला आहे की आगाऊ रक्कम भरली आहे, हे सांगता येईल का?

असा हेल्पर सुधारायला आणखी एक फ्लॅग घालायचा नसतो. आधी मागे यायचं. त्याचा पूर्ण मजकूर, त्याला बोलावणाऱ्या प्रत्येक टेस्टमध्ये जसाच्या तसा चिकटवा. मग त्या टेस्टच्या फ्लॅगांनुसार कधीच न चालणाऱ्या 'इफ'च्या फांद्या छाटा. काही तास फाइल फुगलेली दिसेल, पण छाटून झाल्यावर खरी पुनरावृत्ती उघडी पडते. बुकिंगमध्ये ती साधारणपणे तीन तुकड्यांत सापडते: तारखा आणि खोली निवडणं, पाहुण्यांची माहिती भरणं, पैसे भरणं. त्यांचे तीन छोटे हेल्पर करा. ज्या टेस्टला पैसे भरायचे नाहीत ती तिसऱ्याला बोलावणारच नाही, फ्लॅगची गरजच उरणार नाही.

कसोटी सोपी आहे. आर्ग्युमेंट हेल्परला "काय भरायचं" हे सांगत असेल तर ते राहू द्या. "ही पायरी गाळ" असं सांगत असेल तर तिथे दोन हेल्पर आहेत. एखादं खरं-खोटं खरंच ठेवावं लागलं, तर पायथनमध्ये आर्ग्युमेंटांच्या यादीत त्याच्या आधी एकटं तारांकन टाका. मग ते नावाशिवाय देताच येत नाही आणि टेस्टमध्ये नाश्ता=खरं असं स्वच्छ लिहावं लागतं.

आणि दोन टेस्टमध्ये चार ओळी सारख्या असल्या तर असू द्या. तिसऱ्या ठिकाणी त्याच ओळी त्याच कारणाने आल्या की मग हेल्पर काढावा. टेस्ट ही वाचायची गोष्ट आहे. काय चाललंय ते दिसलं पाहिजे, लपवायचं ते कसं चाललंय हे.

प्रश्न ४ : अॅसर्ट (अपेक्षा तपासणारी ओळ) हेल्परच्या आत लिहावं की टेस्टमध्ये? टीममध्ये यावरून वाद आहे. (चिपळूण)

उत्तर : टेस्ट ज्यासाठी लिहिली आहे ती अपेक्षा टेस्टमध्येच. हेल्परने आपण योग्य पानावर आहोत ना आणि आपलं काम झालं ना, एवढंच तपासावं. पेज ऑब्जेक्ट (एका पानाचे सगळे हेल्पर एका क्लासमध्ये) वापरणाऱ्यांनाही सेलेनियमची मार्गदर्शिका हेच सांगते. एकूण_तपासा, नाव_तपासा, पेटी_तपासा अशी फंक्शनं असतील तर ती काढून टाका. एका ओळीच्या अॅसर्टला फंक्शनाचा वेष्टनकागद गुंडाळल्याने फक्त एररमधला "अपेक्षित किती, मिळाले किती" हा तपशील हरवतो.

प्रश्न ५ : प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला लॉगिन_करा आहे. ओटीपीचं पान असल्यामुळे तो हेल्पर साठ ओळींचा झाला आहे आणि सगळ्यात जास्त तोच पडतो. (रत्नागिरी)

उत्तर : साठ ओळी सोप्या करत बसू नका, त्या चालवायची वेळच कमी आणा. पडद्यावरून लॉगिन होतं की नाही याची एक टेस्ट ठेवा. बाकीच्यांनी लॉगिन झालेल्या अवस्थेतच सुरुवात करावी. प्लेराइटमध्ये एकदा लॉगिन करून 'स्टोरेज स्टेट' फाइलमध्ये ठेवता येते. त्यात कुकी आणि लोकल स्टोरेज येतं, सेशन स्टोरेज येत नाही. साइट टोकन तिथे ठेवत असेल तर ते वेगळं भरावं लागेल. ही फाइल गिटमध्ये चुकूनही टाकू नका, ती म्हणजे चालू लॉगिनच आहे.

सेलेनियममध्ये सर्व्हरला थेट विनंती पाठवून कुकी मिळवा आणि अॅड_कुकीने ब्राउझरला द्या. पण आधी त्याच डोमेनचं एखादं पान उघडावं लागतं. कोऱ्या टॅबवर कुकी दिली तर चुकीच्या डोमेनची एरर येते. यासाठी साइटवरचं सगळ्यात हलकं पान निवडा, "पान सापडलं नाही" हे पानसुद्धा चालतं.

ओटीपीसाठी मोबाइलवरचे मेसेज वाचणारा हेल्पर लिहायच्या भानगडीत पडू नका. टेस्ट सर्व्हरवर ठरावीक क्रमांकांना ठरावीक ओटीपी चालेल अशी सोय डेव्हलपरकडून करून घ्या, आणि ती खऱ्या सर्व्हरवर बंद असल्याची खात्री करा. टेस्ट समांतर चालवत असाल तर प्रत्येक वर्करला वेगळं खातं द्या. पायटेस्टच्या एक्सडिस्टमध्ये वर्करचं नाव फिक्स्चर म्हणून मिळतं, त्यावरून खातं निवडा. एकाच खात्यावर चार वर्कर गेले की एकाची पेटी दुसऱ्याच्या कार्टात दिसते आणि टेस्ट विनाकारण बदनाम होते.

प्रश्न ६ : आमची साइट मराठीत आहे. किंमत आणि मजकूर जुळवण्यासाठी प्रत्येक पानाचे वेगळे हेल्पर झाले आहेत, तरी डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसणारा मजकूर टेस्टला वेगळा वाटतो. (कुडाळ)

उत्तर : हा प्रश्न इंग्रजीत शिकवणाऱ्या पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी आकडे. ब्राउझरच्या आकडे लिहून देणाऱ्या फंक्शनाला मराठी लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची निवड) दिलं की आकडे आपोआप देवनागरी होतात, लाखाच्या स्वल्पविरामासह: १,२०,०००. पायथनचं 'इंट' देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं, फक्त स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह आधी काढावं लागतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' मात्र देवनागरी आकड्यांना 'नॅन' म्हणतं, म्हणजे हा आकडाच नाही. त्यामुळे प्लेराइट किंवा सायप्रेस जावास्क्रिप्टमध्ये वापरणाऱ्यांनी दहा आकडे बदलून घेणारं छोटं फंक्शन लिहावं. रुपयाचं चिन्ह आणि रक्कम यांच्यामध्ये कधी न तुटणारी स्पेस असते, जी नेहमीच्या स्पेससारखीच दिसते. तीही तिथेच काढा. हे सगळं रक्कम_वाचा(मजकूर) या एका फंक्शनात बसतं. कार्ट, बिल, यादी, सगळ्या पानांचे वेगळे हेल्पर मग रद्द. आणि तुलना आकड्यांची करा, मजकुराची नको.

आता अक्षरं. मराठीतला घोळ 'ऱ्या'मध्ये आहे. "दुसऱ्या" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, स्ट्रिंग म्हणून वेगळे. युनिकोडचं एनएफसी रूप (सुटे भाग जोडून केलेलं ठरावीक रूप) करून घेतलं की 'र' आणि सुटा नुक्ता यांचा 'ऱ' होतो. हा एक भाग सुटला. पण जोडकवालं रूप एनएफसीने बदलत नाही. त्यासाठी 'र, हलन्त, जोडक' या त्रिकुटाच्या जागी 'ऱ, हलन्त' घालणारी ओळ स्वतः लिहावी लागते. हे करणारं मजकूर_सारखा_करा एकदा लिहा आणि अपेक्षित मजकूर व मिळालेला मजकूर दोन्ही त्यातून काढा. एकच बाजू गाळलीत तर उपयोग नाही.

सुरुवातीला म्हटलेली अडचण हीच. फंक्शनाच्या नावात तो न दिसणारा जोडक आला तर पायथन ते नाव नाकारतो, जावास्क्रिप्ट चालवून घेतं. देवनागरी नावं वापरायचीच असतील तर 'ऱ्या' टाळा.

प्रश्न ७ : किल्ल्यावर जाणाऱ्या होडीचं बुकिंग. हेल्पर "आजपासून सात दिवसांनी" अशी तारीख काढतो. मे संपत आला की टेस्ट फेल होऊ लागतात, कारण पावसाळ्यात होड्या बंद. शिवाय रात्री चालणारा रन कधी कधी एका दिवसाने चुकतो. (वेंगुर्ला)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी रात्रीचं. टेस्ट चालवणारे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदलीच तारीख असते. हेल्परमध्ये तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट द्या, आणि प्लेराइट असेल तर ब्राउझरलाही 'टाइमझोनआयडी' पर्यायातून तोच द्या.

हंगामाचा प्रश्न "आज" या शब्दात आहे. प्लेराइटच्या १.४५ आवृत्तीपासून पानाचं घड्याळ थांबवता येतं, सायप्रेसमध्येही 'क्लॉक' आहे. त्याने १५ जानेवारीला घड्याळ बांधलंत की कॅलेंडर नेहमी जानेवारीच दाखवेल. पण हे फक्त ब्राउझरचं घड्याळ. सर्व्हरने स्वतःच्या घड्याळावरून तारीख तपासली तर तो जानेवारीची तारीख मागची म्हणून नाकारेल. पायथनमधलं फ्रीझगन तर त्याहून तोकडं. ते टेस्टच्या प्रोसेसपुरतंच चालतं, ब्राउझरला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून सर्व्हर स्वतः तारीख तपासत असेल, तर घड्याळाच्या मागे न लागता बंदीचा काळ टेस्टच्या डेटाबेसमध्ये स्वतः लिहा. "आजपासून दहाव्या ते विसाव्या दिवसापर्यंत बंद" असं टेस्टच्या सुरुवातीला भरायचं, मग सातवा दिवस चालू आणि बारावा बंद, वर्षातल्या कुठल्याही दिवशी. उघडी_तारीख() आणि बंद_तारीख() असे दोन हेल्पर पुरतात, आणि बंद तारखेला बुकिंग नाकारलं जातं ही टेस्ट फुकटात मिळते. आजवर ती फक्त पावसाळ्यातच होऊ शकत होती, तीही चुकून.

देवगडच्या वाचक भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारलं होतं की नऊशे ओळी बदलायला सुरुवात कुठून करायची. त्याबद्दल थोडं. काही न बदलता पूर्ण रन तीन वेळा करा. जी टेस्ट आताच कधी पास, कधी फेल होते ती बाजूला ठेवा, नाहीतर नंतर दोष नेमका कशाचा ते कळणार नाही. कुणीच न बोलावलेले हेल्पर शोधा (पायथनसाठी व्हल्चर हे साधन आहे, साधा फाइलशोधही चालतो) आणि ते आधी खोडा. मग फील्ड_भरा लिहा, पण पिनकोड_भरा लगेच काढू नका. त्याच्या पोटातल्या पाच ओळी काढून तिथे फील्ड_भराला बोलावणारी एक ओळ ठेवा. टेस्टना हातही लागणार नाही. रन हिरवा आला की एकेक टेस्ट फाइल नव्या नावावर आणा, आणि जुन्या फंक्शनाला बोलावणारं कुणी उरलं नाही की ते काढा.

हिरव्या रनवर लगेच विश्वास मात्र नको. प्रत्येक नव्या हेल्परला एकदा मुद्दाम चुकीचं लेबल द्या, "पिंकोड" वगैरे, आणि टेस्ट पडते का, एररमध्ये ते लेबल दिसतं का ते पाहा. पडली नाही, तर हेल्परमध्ये कुठेतरी एरर गिळणारा 'ट्राय' बसला आहे. पहिल्यांदा तो शोधा.